कीबोर्डच्या पट्टीवरचा ओरखडा

मिरवणुकीत टेम्पोवर वाजणारा, दरवर्षी गॅदरिंगला बाहेर निघणारा किंवा भजनी मंडळात पेटीशेजारी येऊन बसलेला कीबोर्ड काही वर्षांत पट्ट्यांवर ओरखडे घेऊन फिरू लागतो. बोटातली अंगठी, वाढलेली नखं, पट्ट्यांवरच टेकवून ठेवलेला माइक, वायर गुंडाळताना घासलेली पिन, कारणं अशी साधीच असतात. माझं मत स्पष्ट आहे: पट्ट्यांचं खरं नुकसान ओरखड्याने फारसं होत नाही, तो घालवायच्या घाईत केलेल्या उपायांनी होतं. त्यातले बरेच उपाय ऐकीव असतात आणि काही तर सरळ घातक.

पहिली भीती सुराची. पट्टीला चरा पडला की आवाज बिघडतो, असं अनेक पालकांना वाटतं आणि मुलाच्या जुन्या कीबोर्डकडे ते संशयाने बघू लागतात. बहुतेक कीबोर्डमध्ये प्रत्येक पट्टीखाली रबराचा छोटा घुमट असतो. पट्टी दाबली की त्यातले कार्बनचे दोन ठिपके एकापाठोपाठ एक खालच्या सर्किटला टेकतात, आणि या दोन स्पर्शांमधल्या वेळावरून बोटाचा जोर मोजला जातो. पट्टीच्या वरच्या चकाकीचा या हिशेबाशी काहीही संबंध नाही. एखादी पट्टी वाजतच नसेल, किंवा हळू दाबूनही एकदम जोरात वाजत असेल, तर दोष बहुधा आतल्या धुळीचा किंवा झिजलेल्या रबराचा असतो.

दुसरं म्हणजे, दिसणारी प्रत्येक रेघ ओरखडा नसते. पिनेचा धातू, बॅगेचं रबर किंवा दुसरं प्लास्टिक पट्टीवर घासलं की त्याचा थर पट्टीवर बसतो आणि तो हुबेहूब चऱ्यासारखा दिसतो. कीबोर्ड बंद करावा, अडॅप्टर काढावा, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब पाण्यात घालून मऊ कापड त्यात बुडवावं, घट्ट पिळावं आणि पुसावं. निम्म्या तक्रारी इथेच मिटू शकतात. उरलेल्या रेघेवर ओल्या बोटाने पाणी लावून बघा. पाणी असताना रेघ नाहीशी झाली आणि वाळल्यावर परत आली, तर चरा वरवरचा आहे. ओरखड्याच्या खडबडीत कडांवरून प्रकाश विखुरतो म्हणून तो पांढुरका दिसतो. पाण्याने खाच भरली की विखुरणं कमी होतं. फर्निचर पॉलिश किंवा खोबरेल तेल लावल्यावर ‘ओरखडा गेला’ असं वाटतं ते याच कारणाने. तो गेलेला नसतो, झाकलेला असतो. वर पट्ट्या निसरड्या होतात, त्यावर धूळ बसते, आणि फटीतून आत उतरलेलं तेल कार्बनच्या संपर्कांपर्यंत पोचलं तर खरंच वाजण्यात बिघाड होतो.

आता टूथपेस्ट. हिची कीर्ती मोठी आहे आणि ती पूर्णपणे खोटीही नाही, कारण टूथपेस्टमध्ये घासणारी बारीक भुकटी असते. पण ती दातांसाठी बनवलेली. चकचकीत प्लास्टिकवर ती एक ठळक रेघ पुसट करून तिच्या जागी शंभर बारीक रेघांची धुरकट चकती ठेवून जाते. दोन पट्ट्यांच्या फटीत वाळलेला पांढरा थर निघता निघत नाही, तो वेगळाच. गाडीचं रबिंग कंपाउंड आणि डाग काढायचा तो पांढरा ‘जादूचा’ स्पंज हेही घासणारेच पदार्थ आहेत. स्पंज मऊ लागतो म्हणून माणूस फसतो.

सर्वांत जपायचं ते थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हरपासून. पट्ट्यांचं प्लास्टिक बहुधा एबीएस असतं, काही वाद्यांत अ‍ॅक्रिलिक. रिमूव्हरमधलं अ‍ॅसिटोन एबीएस चक्क विरघळवतं. पृष्ठभाग क्षणभर ओला, चमकदार दिसतो, मग दुधाळ होतो, आणि कापडाचे धागे त्यात कायमचे उमटतात. अ‍ॅक्रिलिकला तर नुसतं स्पिरिटही सोसत नाही, त्यात केसासारख्या चिरा पडू शकतात. लायटर किंवा हीट गन फिरवणंही याच जातीचं. एबीएस साधारण 100 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं आणि पट्टी आतून पोकळ, पातळ भिंतींची असते. ती जराशी वाकली तरी शेजारच्या पट्टीला घासू लागते. मग दिसण्याचा प्रश्न वाजण्याचा होतो.

खरी दुरुस्ती कशी होते, ते समजलं की हे सगळं आपोआप बाजूला पडतं. पट्टीचा रंग वरून दिलेला नसतो, तो बहुतेक वेळा प्लास्टिकमध्येच मिसळलेला असतो. म्हणून ओरखडा भरून काढायचा नसतो; त्याच्या भोवतालचं प्लास्टिक त्याच्या तळापर्यंत खाली आणायचं असतं. वरवरच्या रेघेला प्लास्टिकसाठीचं पॉलिश आणि मऊ कापड पुरतं. नखाला लागणाऱ्या चऱ्याला वॉटर पेपर हवा: 1500, मग 2000, मग 3000, प्रत्येक वेळी पाणी लावून, हलक्या हाताने, आणि शेवटी पॉलिश. पट्टी आधी काढून घ्यावी, वाद्यावर असताना पाणी वापरू नये. फक्त ओरखड्यावर घासलं तर तिथे खळगा पडतो, म्हणून पूर्ण पट्टी सारखी घासावी, कडा मात्र गोल होऊ देऊ नयेत. मशीनला चाक लावून घासण्याचा मोह टाळावा. घर्षणाच्या उष्णतेनेही प्लास्टिक ओघळतं. काहीही करण्याआधी पट्टीच्या खालच्या, न दिसणाऱ्या भागावर करून बघावं.

काळ्या पट्ट्यांना हे लागू नाही. त्या बऱ्याचदा मुद्दाम मॅट ठेवलेल्या असतात. घाम आलेलं बोट घसरू नये हा त्यामागचा विचार. पॉलिश केलं की ओरखड्याबरोबर तो पोतही जातो आणि एकच पट्टी काचेसारखी चमकत राहते. हस्तिदंतासारखा पोत दिलेल्या पांढऱ्या पट्ट्यांचंही तेच. तिथे ओरखडा तसाच राहू द्यावा.

पिवळेपणा ही निराळी गोष्ट. तो ऊन आणि हवेमुळे प्लास्टिकमध्ये होणारा रासायनिक बदल आहे. 2008 च्या सुमारास जुन्या संगणकांच्या शौकिनांनी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाशाने तो घालवायची पद्धत रूढ केली, पण तिने चरा तसूभरही कमी होत नाही.

चरा फारच खोल असेल तर पट्टी बदलणं बरं. स्वस्त कीबोर्डमध्ये अनेक पट्ट्या एकाच फणीत ओतलेल्या असतात, तिथे अख्खी फणी बदलावी लागते. पण पट्ट्या सुट्या असतील तर पैसे न घालताही मार्ग निघतो. काळ्या पट्ट्यांसाठी सोडलेल्या खाचांमुळे पांढऱ्या पट्ट्यांचे आकार वेगवेगळे असले, तरी एकाच नावाची पट्टी प्रत्येक सप्तकात सहसा सारखीच असते. मधल्या सप्तकातली खरवडलेली पांढरी एक काढून तिथे खर्जातली, क्वचितच बोट लागणारी पांढरी एक बसवता येते. फक्त उजव्या टोकाची शेवटची पट्टी त्यासाठी घेऊ नये, तिला खाचच नसते.