प्रौढ वयात ऑटिझमचे निदान: आधी आईला विचारून ठेवा

मुलाच्या ऑटिझमच्या तपासणीत तज्ज्ञ एकेक प्रश्न विचारत जातात आणि शेजारी बसलेल्या वडिलांच्या मनात येते, 'हे तर माझेच वर्णन चालले आहे!' अमेरिकेत अनेक प्रौढ व्यक्ती स्वतःच्या निदानापर्यंत याच वाटेने पोचतात. आपल्याकडे अशा माणसाला घुमा, एककल्ली, तऱ्हेवाईक म्हणून सोडून देत. मुलगी असेल तर 'लाजाळू आहे हो' एवढ्यावर भागत असे.

आज पन्नाशीत असलेल्यांचे निदान लहानपणी का झाले नाही? बोलणारी, अभ्यासात हुशार मुले त्या वेळच्या व्याख्येत सहसा बसतच नव्हती. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत अ‍ॅस्पर्गर सिंड्रोम आला तो १९९४ साली. २०१३ पासून हे सारे 'ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर' या एकाच नावाखाली आले आहे.

या निदानासाठी रक्ततपासणी किंवा स्कॅन नसतो. प्रौढांच्या तपासणीचा अनुभव असलेले सायकॉलॉजिस्ट किंवा सायकिअ‍ॅट्रिस्ट मुलाखत, निरीक्षण आणि प्रश्नावल्या यांवरून निष्कर्ष काढतात. चिंताविकार किंवा एडीएचडीची काही लक्षणे मिळतीजुळती असतात, आणि हे विकार ऑटिझमच्या जोडीलाही असू शकतात. म्हणून घरच्या घरी निष्कर्ष काढू नये.

निदानाची एक महत्त्वाची अट अशी, की लक्षणे बालपणापासून असली पाहिजेत. आपली खरी अडचण इथे आहे. त्या बालपणाची साक्षीदार आई पुण्याला किंवा नागपूरला असते आणि तिची पंचाहत्तरी उलटलेली असते. तेव्हा पुढच्या भारतभेटीची वाट न पाहता फोनवर विचारून लिहून ठेवावे: मी कधी बोलू लागलो? इतर मुलांत खेळत असे का? पाहुणे आले की काय करत असे? ठरलेला क्रम बदलला, कपडा टोचला, कुकरची शिट्टी झाली, तर काय होई? जुनी प्रगतिपुस्तके असतील तर शिक्षकांच्या शेऱ्यांसह त्यांचे फोटो मागवावेत. आई नसेल तर मावशी किंवा मोठी बहीण सांगू शकेल. कोणीच नसले तरी निदान अशक्य नाही, फक्त अवघड होते.

विचारताना एक गोष्ट आईला आधीच सांगावी. आईच्या संगोपनात काही कमी पडल्यामुळे ऑटिझम होत नाही. एके काळी डॉक्टरही तसे मानत, पण ते मत केव्हाच मागे पडले.

आता खर्चाचे. विमा नसेल तर संपूर्ण तपासणी हजारो डॉलरपर्यंत जाऊ शकते. भेट ठरवण्यापूर्वी विमा कंपनीला विचारावे: प्रौढांची ऑटिझम तपासणी योजनेत आहे का? पूर्वपरवानगी लागते का? कोणते तज्ज्ञ नेटवर्कमध्ये आहेत? काही विद्यापीठांच्या मानसशास्त्र विभागांच्या क्लिनिकमध्ये शुल्क कमी असते. एचएसए किंवा एफएसएमधले पैसे निदानासाठी वापरता येतात.

२०१४ पासून बहुतेक आरोग्यविमा योजनांना पूर्वीच्या आजारावरून नकार देता येत नाही. आयुर्विमा, अपंगत्व विमा आणि लाँग-टर्म केअर विमा यांना मात्र हा नियम लागू नाही. नवा अर्ज भरताना प्रश्न विचारला गेला तर खरे उत्तर द्यावेच लागते. म्हणून घरच्या विम्याची गरज आणि निदान यांचा विचार एकत्र करावा.

नोकरीत निदान सांगणे बंधनकारक नाही. १९९० च्या एडीए कायद्यानुसार, किमान पंधरा कर्मचारी असलेल्या ठिकाणी शांत जागा किंवा लेखी सूचना अशा वाजवी सवलती मागता येतात. मात्र सवलत मागायची तर कारण सांगावे लागते आणि मालक डॉक्टरांचे पत्र मागू शकतो.

ऑटिझम बरा करणारे औषध नाही. तरीही आयुष्यभर 'माझेच काहीतरी चुकते' असे मानत आलेल्या माणसाला खरे कारण कळणे ही मोठी गोष्ट असते, आणि त्याच्या जोडीदारालाही. निदान घ्यायचे की नाही हे सवकाश ठरवता येईल. आईला फोन मात्र याच रविवारी करावा.