घरी बनवलेले सी.एन.सी. यंत्र

एखाद्या वर्कशॉपमध्ये मिलिंग मशीनवर काम करणारा कारागीर तुम्ही पाहिला असेल. तो एका हाताने यंत्राचे चाक हळूहळू फिरवत असतो. त्याची नजर धातू कापणाऱ्या कटरवर खिळलेली असते. हात थांबला, की कामही पुढे सरकायचे थांबते. आता कल्पना करा, हे चाक हाताऐवजी एक मोटर फिरवत आहे आणि तिने किती फिरायचे हे संगणक तिला आकड्यांत सांगत आहे. अशा यंत्राला सी.एन.सी. यंत्र म्हणतात. मोठ्या कारखान्यांत ही यंत्रे असतातच. परंतु हलके काम करणारे छोटे सी.एन.सी. यंत्र हौशी माणसे घरीही तयार करतात. ते लाकूड आणि ॲक्रिलिक कोरते. कटर काढून त्या जागी प्लॅस्टिक वितळवणारे तोंड बसवले, तर तेच यंत्र थरावर थर देऊन वस्तू घडवते.

यंत्राला आधीच हुकूम लिहून देण्याची कल्पना जुनी आहे. फ्रान्समधील जोसेफ जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास भोके पाडलेल्या कार्डांवर चालणारा माग तयार केला. कोणता धागा वर उचलायचा हे त्या भोकांवरून ठरत असे. ज्यांच्या घरी विणकामाचा व्यवसाय आहे, त्यांना 'जकार्ड' हा शब्द नवा नाही. पुढे अमेरिकेतील जॉन पार्सन्स यांच्यापुढे हेलिकॉप्टरच्या पात्यांचा प्रश्न आला. पात्याचा बाक बिनचूक यायला हवा होता. तेव्हा त्या बाकावरील बिंदूंचे आकडे काढून त्या आकड्यांप्रमाणेच यंत्र चालवावे, असे त्यांना सुचले. या कल्पनेतून मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रज्ञान संस्थेने १९५२ मध्ये कागदी पट्टीवरील भोके वाचून चालणारे मिलिंग यंत्र लोकांना दाखवले.

प्लॅस्टिकचे थर देण्याची गोष्ट याहून गमतीची आहे. अमेरिकेतील स्कॉट क्रंप यांनी १९८८ मध्ये आपल्या लहान मुलीसाठी खेळण्यातला बेडूक करायला घेतला. त्यांनी गोंद वितळवणाऱ्या बंदुकीत प्लॅस्टिक आणि मेण यांचे मिश्रण भरले आणि थर देत देत बेडूक तयार केला. हीच रीत पुढे यंत्रावर आली. तिचे पेटंट २००९ मध्ये संपले आणि मग ती सर्वांना मोकळी झाली. त्याआधीच, २००५ मध्ये, इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाचे एड्रियन बोयर यांनी 'रेपरॅप' हा प्रकल्प सुरू केला होता. स्वतःचे काही भाग स्वतःच बनवील असे यंत्र त्यांना हवे होते. त्यांच्या पहिल्या यंत्राचे नाव 'डार्विन'. २००८ मध्ये त्याने आपल्यासारख्याच दुसऱ्या यंत्राचे प्लॅस्टिकचे भाग तयार केले. बोयर यांनी आपले सर्व आराखडे जगाला फुकट देऊन टाकले. घरी यंत्र बनवणारे लोक त्यानंतर जगभर वाढले.

आता हे यंत्र चालते कसे, ते पाहू. तुमचा आलेख कागद आठवा. त्यावर कोणताही बिंदू एक्स आणि वाय या दोन आकड्यांनी सांगता येतो. त्यात वर-खाली जाणारा झेड अक्ष मिळवला, की यंत्राचे सारे जग तयार झाले. संगणक यंत्राला एका वेळी एक ओळ देतो. उदाहरणार्थ, 'जी १ एक्स ४० वाय २५ एफ ३००'. याचा अर्थ असा : जिथे आहेस तिथून सरळ रेषेत (४०, २५) या बिंदूवर जा, आणि दर मिनिटाला ३०० मिलिमीटर या वेगाने जा. उर्दू आपण उजवीकडून डावीकडे लिहितो. पण त्यातील आकडे मात्र डावीकडूनच लिहितो. एक्स अक्षही तसाच डावीकडून उजवीकडे वाढतो, तेव्हा येथे गोंधळ व्हायचे कारण नाही.

या ओळी वाचण्याचे काम 'आर्डुइनो'सारखे हाताच्या पंजाएवढे इलेक्ट्रॉनिक कार्ड करते. ते स्टेपर मोटरला हुकूम देते. साधी मोटर गरगर फिरते. स्टेपर मोटर मोजून पावले टाकते. तिच्या एका फेऱ्यात बहुधा २०० पावले असतात. तिला आट्यांचा असा दांडा जोडला, की जो एका फेऱ्यात नट ८ मिलिमीटर पुढे ढकलतो, तर एका पावलात कटर ८ भागिले २००, म्हणजे ०.०४ मिलिमीटर सरकतो. कागदाच्या जाडीपेक्षाही हे अंतर कमी आहे.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. हे यंत्र आंधळे आहे. कारखान्यातल्या महाग यंत्रात कटर नेमका कुठे पोहोचला हे तपासण्याची सोय असते. घरच्या यंत्रात ती सहसा नसते. ते फक्त पावले मोजते. कटर लाकडात अडकला आणि मोटरची दहा पावले चुकली, तर यंत्राला त्याचा पत्ताही लागत नाही. ते पुढचे सगळे काम तेवढेच सरकवून करत राहते आणि लाकूड वाया जाते. म्हणून घरच्या यंत्राची खरी परीक्षा त्याच्या चौकटीत असते.

प्लॅस्टिकचे तोंड वस्तूवर जवळजवळ जोर देतच नाही. कटरचे तसे नाही. तो लाकडाला ढकलतो आणि लाकूड त्याला उलट ढकलते. समजा, ८ मिलिमीटर जाडीची पोलादी सळई दोन टोकांना, ४० सेंटिमीटर अंतरावर टेकवली आणि तिच्या मध्यावर २ किलो वजन टांगले. ती सुमारे ०.६५ मिलिमीटर वाकते. सळईची जाडी दुप्पट केली, तर वाकणे निम्मे होत नाही. ते सोळावा हिस्सा, म्हणजे केवळ ०.०४ मिलिमीटर उरते. उलट लांबी दुप्पट केली, तर ते आठपट होते. म्हणून मोठ्या यंत्राची हौस धरण्यापेक्षा लहान आणि दणकट यंत्र करावे, असे माझे मत आहे. प्रिंटरचे सरकणारे भाग हलके असले तर बरे, कारण त्यांना वेगाने मागेपुढे पळायचे असते. दोन्ही कामे एकाच यंत्रावर करायची असतील, तर चौकट मिलिंगसाठी बांधावी आणि प्लॅस्टिकचे काम सावकाश होऊ द्यावे. मिलिंगचा भुसा मात्र आधी ब्रशने अगदी साफ करायला हवा, नाहीतर पहिला थर तळाला चिकटणारच नाही.

यंत्र जोडून झाले, की लगेच कटर लावू नये. त्याच्या जागी एक बॉलपेन बांधावे आणि यंत्राला १०० मिलिमीटर बाजूचा चौरस काढायला सांगावे. चौरसाचे दोन्ही कर्ण मोजावेत. दोन्ही सुमारे १४१.४ मिलिमीटर भरले, तर चौकट काटकोनात आहे. एक कर्ण मोठा आणि दुसरा लहान आला, तर स्क्रू सैल करून चौकट गुण्यात आणावी. मग एक वर्तुळ काढावे. जिथे पेन दिशा बदलते तिथे वर्तुळ चपटे किंवा तुटक दिसले, तर नट दांड्यावर सैल आहे असे समजावे. मोटर उलट फिरू लागते, पण सैलपणा भरून निघेपर्यंत पेन हलतच नाही.

कटर लावल्यावर डोळ्यांवर चष्मा हवाच. कटर मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेतो आणि त्याचा तुकडा उडाला तर दिसतही नाही. सैल बाह्या, ओढणी, लांब केस यांपासून जपावे. विजेची जोडणी जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावी. यंत्र एकटे चालू सोडून नमाजला किंवा जेवायला जाऊ नये. बंद करूनच जावे.

प्लॅस्टिकच्या कामाला बहुधा पी.एल.ए. वापरतात. मका किंवा ऊस यांसारख्या पिकांपासून ते बनते. त्याची १.७५ मिलिमीटर जाडीची तार २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या तोंडात ढकलली जाते आणि ०.४ मिलिमीटरच्या छिद्रातून बाहेर येते. येथेही मोजमाप आपणच करायचे. तारेवर १०० मिलिमीटरवर खूण करून यंत्राला तेवढीच तार ओढायला सांगतात. समजा, यंत्रात दर मिलिमीटरला ९३ पावले लिहिली आहेत आणि तार ९५ मिलिमीटरच आत गेली. म्हणजे पावले कमी पडतात. त्रैराशिक मांडा : ९३ गुणिले १००, भागिले ९५, म्हणजे सुमारे ९७.९. हा नवा आकडा यंत्रात भरतात, तारेवर नवी खूण करतात आणि पुन्हा एकदा मोजून पाहतात.