'कळ येणे' आणि 'कळ देणे' : प्रसूतिवेदना व सोबत यांसंबंधी एक टिपण

सावंतवाडीच्या परिसरातील मालवणी बोलीत बाळंतपणाविषयी बोलताना दोन क्रियापदे कटाक्षाने वेगळी राखली जातात. वेणा सुरू झालेली स्त्री 'माका कळ येता' असे म्हणते. पुढे काही तासांनी तिच्या उशाशी बसलेली बाई तिला 'कळ दी' असे सांगते. प्रमाण मराठीतही 'मला कळा येतात' आणि 'कळ दे' हा भेद आहेच. पहिल्या वाक्यात स्त्री चतुर्थीत आहे. म्हणजे ती अनुभव घेणारी आहे, कर्ती नव्हे. दुसऱ्यात ती कर्ती आहे. वैद्यकशास्त्र प्रसूतीच्या ज्या पहिल्या दोन अवस्था मानते, त्यांच्याशी हा व्याकरणातील भेद फार जवळून जुळतो. आणि वेदनेवर कोणता उपाय केव्हा करावयाचा, हेही त्याच्या आधाराने समजून घेता येते.

पहिल्या अवस्थेत गर्भाशयाचे स्नायू ठराविक अंतराने आकुंचन पावतात व गर्भाशयाचे मुख हळूहळू सुमारे १० सेंटिमीटरपर्यंत उघडते. हे काम स्त्रीच्या इच्छेवर चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींप्रमाणे, मुख ५ सेंटिमीटर उघडल्यानंतरचा काळदेखील पहिलटकरणीच्या बाबतीत १२ तासांपर्यंत असू शकतो. या अवधीत 'जोर लाव' म्हणून तिला घाई करणे व्यर्थ असते. ती थकते मात्र. हाच काळ सोसण्याचा. 'जरा कळ काढ' हा वाक्प्रचार आपण आज बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसालाही ऐकवतो. परंतु कळ येते तशी ओसरतेही, ही जाणीव त्यात अजून शिल्लक आहे. (प्रसूतीच्याच अर्थाला बांधलेला 'वेण' हा शब्द संस्कृत 'वेदना'पासून प्राकृत 'वेअणा'च्या वाटेने आला, हे जाता जाता नमूद करावे.)

दुसऱ्या अवस्थेत मूल खाली सरकते आणि स्त्रीला आपोआप जोर करावासा वाटतो. येथे ती खरोखर कळ 'देते'.

वेदना आणि श्रम यांतील हा फरक एका जुन्या वादातही निर्णायक ठरला होता. १८४७ साली एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरण्यास आरंभ केला, तेव्हा बायबलातील वचनाचा आधार घेऊन त्यावर आक्षेप येऊ लागले. सिम्प्सन यांनी उत्तर दिले ते भाषाशास्त्राचे: मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ यातना असा नसून कष्ट, स्नायूंचे श्रम असा आहे. १८५३ साली राणी व्हिक्टोरियाने क्लोरोफॉर्म घेतले आणि वाद निवळला. शब्दार्थावरून वैद्यकाची वाट मोकळी झाल्याचे दुसरे उदाहरण इतक्या सहज आठवत नाही.

आज क्लोरोफॉर्म मागे पडले आहे. पाठीच्या कण्यात मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बारीक नळी ठेवून बधिरतेचे औषध देणे, म्हणजे एपिड्युरल, हा सर्वांत प्रभावी उपाय होय. त्याने शस्त्रक्रियेचे प्रमाण वाढत नाही. दुसरी अवस्था मात्र काहीशी लांबते. त्यास भूलतज्ज्ञ सतत हाताशी असावा लागतो, आणि तालुक्याच्या ठिकाणी नेमकी तेथेच अडचण येते. नायट्रस ऑक्साइड व ऑक्सिजन यांचे निम्मे-निम्मे मिश्रण मुखवट्यातून हुंगणे हा सौम्य उपाय. त्याचा परिणाम होण्यास अर्धा-एक मिनिट लागत असल्यामुळे कळेची चाहूल लागताच हुंगावे लागते, आणि मुखवटा स्त्रीने स्वतःच धरावयाचा असतो. पेथिडिनसारखी इंजेक्शने काही अंशी उपयोगी पडतात; पण त्यांनी आईला ग्लानी व मळमळ येते, आणि मूलही काही वेळ सुस्त राहू शकते.

औषधांहून अधिक दुर्लक्षित राहिलेली गोष्ट म्हणजे सोबत. 'तिचे बाळंतपण आईने केले' असे आपण सहज म्हणतो. बाळंत होते ती मुलगी, पण बाळंतपण 'करणारी' दुसरीच. मालवणीत तर 'आवशीन केल्यान' म्हणताना कर्ता क्रियापदाच्या प्रत्ययातही उमटतो. घरातील बाळंतपण रुग्णालयात गेले हे उत्तमच झाले. रक्तस्राव वा अडलेले मूल यांवर सुईणीजवळ उपाय नव्हता. परंतु त्या स्थलांतरात हा कर्ताच दाराबाहेर राहिला. प्रसूतिकक्षात अनोळखी माणसांत एकटी पडलेली आणि वर 'ओरडू नकोस' म्हणून दटावली गेलेली स्त्री हे दृश्य कोणत्याही एका गावाचे नाही. भीतीने शरीर ताठरते व वेदना अधिक जाणवते. म्हणून दटावणी ही केवळ असभ्यता नव्हे, ती उपचारातील चूक आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेत २६ चाचण्यांतील पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र करण्यात आली. ज्यांना अखंड सोबत मिळाली त्यांची नैसर्गिक प्रसूती अधिक वेळा झाली, शस्त्रक्रिया कमी लागल्या, कळांचा काळ थोडा घटला आणि अनुभवाविषयीची कटुताही कमी आढळली. भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्येच सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण असावी अशी सूचना काढली. ती स्वतः बाळंतपण अनुभवलेली असावी, तिला संसर्गजन्य रोग नसावा, तिने कपडे स्वच्छ घालावे आणि वैद्यकीय कामात ढवळाढवळ करू नये, अशा त्यातील अटी आहेत. पहिली अट वाचताना जुन्या सुईणीची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

सोबतिणीने करावयाचे काय? स्त्रीला हिंडूफिरू द्यावे, कूस बदलू द्यावी, घोटघोट पाणी द्यावे, कंबर शेकावी, कळ ओसरली की तसे सांगावे. आणि विचारावे तिच्याच बोलीत. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली वेदनेच्या शब्दांचीच प्रश्नावली रचली, कारण वेदना किती आहे याइतकेच ती कशी आहे हेही महत्त्वाचे असते. आपल्याकडे ठणका, चमक, आग, पेटका आणि कळ यांत गल्लत कोणी करीत नाही. सावंतवाडीहून गुंतागुंतीची बाळंतीण बांबोळीला हलवली जाते, तेव्हा तिथल्या कोकणी ऐकण्या-बोलण्यात तिचे 'माका' परके ठरत नाही; अडचण येते ती इतर प्रांतांतून आलेल्या तरुण डॉक्टर-परिचारिकांपुढे. 'कळ खय येता, कमरेत काय पोटात?' एवढा एक प्रश्न त्यांना पाठ असला, तरी उत्तर 'कमरेत' आल्यास माकडहाडाच्या वर तळहाताने दाब द्यावयाचा, तिला ओणवे होऊ द्यावयाचे, हे लगोलग ठरवता येते.