विद्युत् प्रेषण सामग्रीची विश्वसनीयता
वीजनिर्मिती केंद्रातील शक्ती दूरच्या भारकेंद्रांपर्यंत नेणारे उच्च दाबाचे तारमार्ग, रोहित्रे, मंडल खंडक (दोष उद्‌भवताच मंडल तोडणारी साधने) व अभिचालित्रे (दोष ओळखून खंडकास आज्ञा देणारी साधने) यांनी ठराविक परिस्थितीत ठराविक काळ आपले कार्य बिनचूक करण्याच्या संभाव्यतेस त्यांची विश्वसनीयता म्हणतात. देखभालीसाठी पूर्वसूचनेने सामग्री बंद ठेवल्यास तो नियोजित खंड होय; बिघाडामुळे अथवा चुकीच्या चालनामुळे ती अकस्मात बंद पडल्यास तो अनियोजित खंड होय.

तारमार्ग पुष्कळदा खंडित होतात. परंतु आकाशातील विजेमुळे उद्‌भवलेला दोष बहुधा क्षणिक असतो व खंडक आपोआप पुन्हा जोडला जाऊन पुरवठा पूर्ववत होतो. रोहित्र क्वचितच निकामी होते. पण मोठे रोहित्र बदलण्यास कित्येक महिने लागू शकतात. म्हणून खंडांची संख्या व त्यांचा कालावधी या दोहोंचा विचार करावा लागतो.

एखादा तारमार्ग वर्षातील १ टक्का वेळ बंद राहिला, तर तो काळ ८७.६ तास भरतो. असे दोन समांतर मार्ग असल्यास दोन्ही एकाच वेळी बंद असण्याचा काळ वर्षाकाठी केवळ सु. ५३ मिनिटे येतो. मात्र हे गणित दोन्ही खंड परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच खरे ठरते. एकाच मनोऱ्यावरील दोन्ही मंडले एकाच वादळात बंद पडू शकतात. तसेच एक मार्ग बंद झाल्यावर दुसऱ्यावरील भार वाढतो.

भारतात ३० जुलै २०१२ रोजी याचा प्रत्यय आला. बीना–ग्वाल्हेर या ४०० किलोव्होल्ट मार्गाचे एक मंडल दर्जावाढीच्या कामासाठी बंद होते. दुसऱ्या मंडलावर भार अतिशय वाढला व दाब घटला. अंतर अभिचालित्र दाब व प्रवाह यांच्या गुणोत्तरावरून दोष ओळखत असल्याने त्यास ही स्थिती दूरवरच्या दोषासारखी भासली व प्रत्यक्ष दोष नसताना मंडल तोडले गेले. त्यामुळे इतर मार्गही एकामागून एक बंद पडून उत्तर विभाग अंधारात बुडाला. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व व ईशान्य विभागांतील सु. ६० कोटी लोकवस्तीच्या प्रदेशास झळ पोहोचली.

सारांश, संरक्षक साधनाने दोष असता कार्य करणे जितके आवश्यक, तितकेच दोष नसता स्वस्थ राहणेही आवश्यक असते. या दोन्ही कसोट्यांवर अभिचालित्रांची वेळोवेळी तपासणी करणे आणि कोणताही एक घटक बंद पडला तरी उरलेल्यांनी भार पेलावा अशी योजना ठेवणे, हे अनियोजित खंड आटोक्यात ठेवण्याचे मुख्य उपाय होत.