कांदा, चटणी आणि प्रयोगाची जागा

नवे औषध तयार झाले म्हणून कोणी ते थेट रुग्णाला देत नाही. आधी प्रयोगशाळा, मग प्राणी, त्यानंतर संमती दिलेले मोजके स्वयंसेवक, असा क्रम वैद्यकशास्त्राने ठरवून घेतला आहे. इंटरनेटवरच्या प्रयोगांना असा क्रम हवा का? 'टॉर' या जाळ्याच्या बाबतीत २०१४ साली जे घडले, त्यावरून या प्रश्नाचे उत्तर मिळते.

टॉर हे ओळख न सांगता इंटरनेट वापरू देणारे सॉफ्टवेअर आहे. एखाद्याला आपल्या आजाराविषयी गुपचूप माहिती वाचायची असते. मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून दूर गेलेल्या बाईला आपला ठावठिकाणा कळू द्यायचा नसतो. पत्रकाराला बातमी पुरवणाऱ्याचे नाव जपायचे असते. नेहमीच्या पद्धतीने संकेतस्थळ उघडले की तुमच्या संगणकाचा आयपी पत्ता पलीकडे कळतो. टॉर मात्र तुमची मागणी सहसा तीन संगणकांमार्फत पाठवते. या मधल्या संगणकांना 'रिले' म्हणतात. संदेशावर सांकेतिक लिपीची तीन आवरणे असतात आणि प्रत्येक रिले आपल्या वाट्याचे एकच आवरण सोलतो. पहिल्याला तुम्ही कोण ते कळते, पण कुठे जायचे ते कळत नाही. शेवटच्याला ठिकाण कळते, माणूस कळत नाही. मधल्याला यातले काहीच कळत नाही. कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या या रचनेमुळे तिला 'कांदा मार्ग' असे गमतीशीर नाव मिळाले. मूळ कल्पना १९९०च्या दशकात अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत आकाराला आली. आज जगभरचे स्वयंसेवक असे हजारो रिले चालवतात.

३० जानेवारी २०१४ रोजी या जाळ्यात काही नवे रिले दाखल झाले. एकूण ११५. ४ जुलैला ते काढून टाकेपर्यंत, म्हणजे पाच महिन्यांहून अधिक काळ, ते जाणाऱ्या-येणाऱ्या माहितीवर गुपचूप खुणा करत होते. टॉरमधील 'छुप्या सेवा' कोण वापरते याचा माग काढणे हा त्यामागचा उद्देश होता. यामागे संशोधकच असावेत, असा अंदाज टॉर प्रकल्पाने ३० जुलैला जाहीर केला. त्या काळात छुप्या सेवा वापरणाऱ्यांनी आपल्यावरही परिणाम झाला असेल असे गृहीत धरावे, असेही सांगावे लागले. त्या लोकांना कोणी विचारले नव्हते. त्यातले कोण धोक्यात होते, हे प्रयोग करणाऱ्यांना समजण्याचा मार्गही नव्हता.

टॉरचे एक संशोधन सुरक्षा मंडळ आहे. शक्य तिथे चाचणीचे वेगळे जाळे वापरा, अशी सूचना ते संशोधकांना करते. असे जाळे उभारण्याचे एक साधन टॉरच्या विकासकांनीच बनवले आहे. त्याचे नाव मराठी माणसाला हसू आणणारे आहे: 'चटणी'.

चटणी हा पायथन भाषेतला प्रोग्रॅम आहे. खऱ्या टॉर सॉफ्टवेअरच्या अनेक प्रती तो एकाच संगणकावर चालवतो. काही प्रती रिले होतात, एखादी वापरकर्ता होते आणि काही 'निर्देशिका अधिकारी' होतात. कोणते रिले विश्वासार्ह आहेत याची यादी मतदानाने ठरवणे हे या अधिकाऱ्यांचे काम. मांडणी करा, सुरू करा, तपासा, थांबवा, अशा मोजक्या आज्ञा द्यायच्या. तपासणीत एक माहिती या जाळ्यातून पाठवली जाते आणि ती जशीच्या तशी पोहोचली का, ते पाहिले जाते.

मात्र त्यासाठी खऱ्या जाळ्याचे काही नियम सैल करावे लागतात. खरे अधिकारी दर तासाला नवी यादी काढतात. चाचणीत तासभर थांबणे परवडत नाही, म्हणून हा अवधी फारच कमी केला जातो. खरे टॉर एकाच परिसरातले, म्हणजे मिळत्याजुळत्या आयपी पत्त्यांचे, दोन रिले एका मार्गात घेत नाही, कारण ते एकाच मालकाचे असू शकतात. इथे तर सगळ्यांचा पत्ता एकच, १२७.०.०.१, म्हणजे 'हाच संगणक'. तो नियम बंद केला नाही तर मार्गच तयार होणार नाही.

यातूनच या जाळ्याची मर्यादाही कळते. सगळे रिले एकाच टेबलावर असल्याने इथे कोणाचीही ओळख लपत नाही, त्यामुळे खऱ्या कामासाठी ते वापरायचे नसते. सॉफ्टवेअर बिघडले आहे का, हे चटणी सांगते. पण हजारो रिले आणि गर्दीच्या वेळचा मंदावलेला वेग तिथे दिसत नाही. त्यासाठी 'शॅडो' नावाचे दुसरे साधन आहे. ते खरे टॉर सॉफ्टवेअरच चालवते, पण मधले अंतर, वेग आणि घड्याळ कृत्रिम ठेवते. शॅडोविषयीचा पहिला शोधनिबंध २०१२ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे २०१४ मध्ये पर्याय नव्हता, असे म्हणता येत नाही.

काही प्रश्नांची उत्तरे खऱ्या जाळ्यावरच मिळतात, हेही खरे. तिथे मंडळाचा सल्ला डॉक्टरी शिस्तीच्या जवळचा आहे: गरजेपुरतीच माहिती गोळा करा, आणि उद्या उघड झाली तरी कोणाचे नुकसान होणार नाही एवढीच गोळा करा. बाकीच्या प्रयोगांसाठी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याचा साधा लॅपटॉपही पुरतो. तिथे हवा तो हल्ला करून पाहावा, हवे तेवढे रिले बंद पाडावेत. त्या जाळ्यात कोणी आजारी माणूस आपल्या दुखण्याची माहिती शोधत नसतो.