पिक्चरमधली ती शेवटी मरते का?

सबमिशनच्या आदल्या शनिवारी मी आणि माझी रूममेट सकाळी सहाची एस.टी. पकडून पुण्याला एका छोट्या फिल्म फेस्टिव्हलला गेलो. आऊट-पासवर कारण लिहिलं, ‘मावशीकडे’. (रेक्टर मॅडम, सॉरी. मावशी खरंच पुण्यात राहते आणि रात्री आम्ही तिच्याकडेच झोपलो.) दोन दिवसांत चार मोठे आणि एक छोटा असे पाच पिक्चर पाहिले. पाचही बायकांच्या बायकांवरच्या प्रेमाचे.

परत आल्यावर अख्ख्या विंगने एकच प्रश्न विचारला, "सीन होते का गं?" फारसे नव्हते. निराशा झाली असेल तर सरळ पान उलटा, पुढे विनोद आहेत.

फेस्टिव्हल म्हणजे काय हे आधी थोडक्यात सांगते, कारण मलाही माहीत नव्हतं. तिथे तिकीट नसतं, नाव नोंदवून गळ्यात बॅज घालायचा. त्यालाही कारण आहे. आपल्याकडे थिएटरात लागणाऱ्या पिक्चरला सेन्सॉर सर्टिफिकेट लागतं, पण फेस्टिव्हलला माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडून त्यातून सूट मिळू शकते. अट अशी की प्रेक्षक नोंदणी केलेलेच हवेत. मुंबईत २०१० पासून ‘कशिश’ नावाचा याच विषयांचा मोठा फेस्टिव्हल होतो. आमचा त्यामानाने अगदीच घरगुती होता. शंभरेक खुर्च्या, एक पंखा बंद, बाहेर चहाचा थर्मास.

रांगेत रूममेट म्हणाली, "मला एकच बघायचंय. शेवटी कोण मरतं." तिचं म्हणणं, असल्या पिक्चरमध्ये दोघींपैकी एक मरतेच. मी म्हटलं, पैज. तिने जर्नलच्या मागच्या पानावर तक्ता आखला : नाव, साल, मेली का.

पहिला पिक्चर १९३१ चा, जर्मन, ‘मेडशेन इन युनिफॉर्म’. दिग्दर्शिका लिओन्टीन सागान. पडद्यावर एकही पुरुष नाही, सगळ्या मुली आणि बायका. लष्करी अधिकाऱ्यांच्या मुलींचं पॉट्सडॅममधलं होस्टेल. पट्ट्यापट्ट्यांचे युनिफॉर्म, घरच्या पत्रांवर नजर, जेवणाबद्दल तक्रारी. पहिल्या दहा मिनिटांत आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसायला लागलो, इतकं ओळखीचं! आई वारलेली मानुएला तिथे येते आणि त्यातल्या त्यात मायेने वागणाऱ्या एकमेव टीचरवर जीव टाकते. (आमच्या कॉन्व्हेंटमध्येही एका सिस्टरने वहीत ‘गुड’ लिहिलं की ते पान आम्ही जपून ठेवायचो. तेव्हा त्याला कोणी नाव दिलं नव्हतं.) शाळेच्या नाटकानंतर पंच जास्त प्यायल्यावर मानुएला सगळ्यांसमोर ते बोलून टाकते, आणि मुख्याध्यापिका तिला एकटीला कोंडते. कोणी तिच्याशी बोलायचं नाही.

हा पिक्चर ख्रिस्टा विन्सलोच्या नाटकावरून केलाय. नाटकात मानुएला उडी मारून मरते. पिक्चरमध्ये ती जिन्याच्या कठड्यावर चढते, आणि बंदी असूनही मुली तिच्या नावाने हाका मारत जिन्यावरून धावतात आणि तिला आत ओढतात. मग मुख्याध्यापिका काठी टेकत एकटी जिना उतरते. एक शब्द नाही. तक्त्यात रूममेटने लिहिलं, ‘नाही’, आणि माझ्याकडे रागाने बघितलं.

दुसऱ्या पिक्चरआधी एका मॅडमनी अमेरिकेतल्या ‘हेज कोड’ची माहिती सांगितली. हा हॉलिवूडने स्वतःवर घालून घेतलेला नियमांचा संच, १९३४ पासून कडक लागू. कोड म्हटल्यावर मला आपला आय.एस. ४५६ आठवला! आपल्याकडे कोड पाळला नाही तर स्लॅब पडतो, तिथे कोड पाळला नाही तर पिक्चरला थिएटर मिळायचं नाही. समलिंगी प्रेम त्यात ‘विकृती’ या सदरात मोडायचं, म्हणजे दाखवायचंच नाही. १९६१ च्या ऑक्टोबरात नियम जरा सैल झाला : दाखवा, पण जपून, संयमाने. आणि चूक केलेल्याला चांगले दिवस आलेले दाखवायचे नाहीत, ही सवय तोपर्यंत सगळ्यांच्या अंगात भिनलेली होती. म्हणजे रूममेटला जे ‘असल्या गोष्टींचं नशीब’ वाटत होतं, त्याच्यामागे बराचसा एक छापील नियम होता.

मग लागला ‘द चिल्ड्रन्स अवर’, १९६१. ऑड्री हेपबर्न आणि शर्ली मॅक्लेन. गंमत म्हणजे याच दिग्दर्शकाने, विल्यम वायलरने, १९३६ मध्ये हेच नाटक एकदा केलं होतं. तेव्हा कोडमुळे दोघी टीचरमधली गोष्ट काढून एका पुरुषावरून भानगड अशी करावी लागली. १९६१ मध्ये मूळ गोष्ट परत आली. दोन मैत्रिणी मुलींची शाळा चालवतात. एक मुलगी राग धरून आजीच्या कानात त्यांच्याबद्दल काहीतरी सांगते. ती काय सांगते ते आपल्याला ऐकू येतच नाही, फक्त आजीचा चेहरा दिसतो. पालक येऊन मुलींना घेऊन जातात, शाळा रिकामी होते. नंतर ते खोटं होतं हे कळतं, आजी माफीसुद्धा मागते. पण त्या बोलण्यामुळे एकीला स्वतःच्या मनातलं पहिल्यांदा उमगलेलं असतं. ती गळफास घेते.

रूममेट पैज जिंकली, पण काही बोलली नाही. मीही नाही.

कारण ती कुजबुज मला ऐकू आली होती. अकरावीला मी दुसऱ्या गावातल्या एका होस्टेलवर होते. कॉरिडॉरच्या टोकाच्या खोलीतल्या दोघी सतत बरोबर असायच्या. कोणीतरी मेसच्या ताईंना काहीतरी सांगितलं, ताईंनी मेट्रनना सांगितलं. काय सांगितलं ते आम्हाला कोणालाच नक्की माहीत नव्हतं, तरी सगळ्यांना माहीत होतं. पालकांना बोलावलं. एकीला डिसेंबरमध्ये, वर्ष अर्धं टाकून, घरी नेलं. मी कोणाला काही सांगितलं नव्हतं. फक्त त्यांच्या टेबलवर जेवायला बसायचं बंद केलं, आणि कोणी जोक केला की हसायचे. मावशीकडे रात्री हे सगळं रूममेटला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "झोप आता."

रविवारी ‘कॅरल’, २०१५, दिग्दर्शक टॉड हेन्स. फार देखणा आहे, पण मला जास्त आवडली ती पुस्तकाची कथा. पॅट्रिशिया हायस्मिथने ही कादंबरी १९५२ मध्ये क्लेअर मॉर्गन या खोट्या नावाने छापली, आणि त्यात दोघींपैकी कोणीच मरत नाही. तोपर्यंत अमेरिकन कादंबऱ्यांत अशा माणसांना जीव तरी द्यावा लागायचा नाहीतर ‘सुधारावं’ तरी लागायचं, असं तिने नंतर स्वतःच लिहिलंय. वाचकांची पत्रंच्या पत्रं आली, आभार मानणारी. तक्त्यात : ‘नाही’.

दुपारी ‘फायर’. दीपा मेहता, १९९६. शबाना आझमी आणि नंदिता दास. आपल्याकडे तो सेन्सॉरने एकही कट न लावता पास केला आणि १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये लागला. फक्त हिंदीत सीतेचं नाव नीता झालं. डिसेंबरमध्ये मुंबई, दिल्लीत थिएटरांची तोडफोड झाली, पिक्चर परत सेन्सॉरकडे गेला आणि १९९९ च्या फेब्रुवारीत तसाच्या तसा पुन्हा लागला. शेवटी स्वयंपाकघरात राधाच्या साडीला आग लागते, नवरा आपल्या आईला उचलतो आणि निघून जातो. मागच्या रांगेतल्या एक आजी अगदी घरात बसल्यासारख्या मोठ्याने म्हणाल्या, "अरे, तिला पण घे की!" कोणी हसलं नाही. राधा वाचते. दर्ग्यात, पावसात, दोघी भेटतात. इंटरनेटवर या पिक्चरबद्दल वादच जास्त सापडतो. ती वाचते हे कोणी सांगतच नाही.

शेवटचा सगळ्यात छोटा आणि आपल्या भाषेतला : रोहन कानवडे यांचा ‘उ उषाचा’, २०१९. उषा शेतमजूर, पोरांची आई, लिहिता-वाचता येत नाही. गावच्या शाळेतल्या टीचरकडे ती ओढली जाते आणि त्या ओढीनेच अक्षरं शिकायला बघते. भाषण नाही, आग नाही, कडा नाही. इथे रूममेटने तक्त्यात काही लिहिलंच नाही. मी विचारलं तर म्हणाली, "अगं, मी विसरलेच."

आता कोणी म्हणेल, पिक्चर वेगळे आणि होस्टेल वेगळं. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने सज्ञान माणसांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं सांगितलं, हे आपल्याला जी.के.साठी पाठ आहे. पण कोर्टाचा निकाल मेसच्या टेबलापर्यंत पोचायला वेगळा वेळ लागतो.

परतीच्या एस.टी.त मी त्या अकरावीतल्या मुलीचा नंबर शोधला. अजून होता. बराच वेळ टाइप करून खोडलं आणि शेवटी एवढंच पाठवलं : "‘उ उषाचा’ नावाचा एक मराठी पिक्चर आहे, बघ. शेवटी कोणी मरत नाही."

दोन दिवसांनी, ऐन व्हायवाच्या रांगेत, उत्तर आलं : "लिंक पाठव. आणि तेव्हा तूपण हसायचीस, माझ्या लक्षात आहे."

लिंक शोधतेय. दुसऱ्या वाक्याचं उत्तर अजून लिहून झालेलं नाही.