हाताला हलकी: भारतीय हॅचबॅकचा मागोवा

२०२४ सालचे विक्रीचे आकडे आले तेव्हा देशात सर्वाधिक खपलेली मोटार टाटांची पंच ठरली. मारुतीच्या हातून हा मान जवळपास चाळीस वर्षांनी निसटला, म्हणून त्याची बातमी झाली. त्या बातमीत एक गोष्ट मागे राहिली. २०२२ साली वॅगन आर आणि २०२३ साली स्विफ्ट पहिल्या क्रमांकावर होत्या. म्हणजे मान जसा एका कंपनीचा गेला, तसाच तो एका धाटणीच्या गाडीचाही गेला. बसकी, मागे वर उघडणारे दार असलेली, चौकोनी कुटुंबाची हॅचबॅक मागे पडली आणि तिच्याच आकाराची पण उंच टाचांवर उभी असलेली गाडी पुढे आली. त्याआधीची तीन वर्षे गळतीचीच होती. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातले मोटारींचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले आणि फिगो गेली. २०२२ मध्ये चाकणची पोलो बंद झाली, त्याच वर्षी सँट्रो दुसऱ्यांदा बंद झाली. २०२३ मध्ये अल्टो ८०० थांबली. हप्ता झेपेल, रोज ऑफिसला नेता येईल आणि रविवारी घाटात चालवताना मन रमेल अशी गाडी निवडणे एके काळी सोपे होते. ते अवघड कसे झाले, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

सुरुवातीच्या वर्षांत रेंगाळण्यासारखे फार काही नाही. कुर्ल्यात तयार होणारी पद्मिनी आणि हिंदमोटरची अँबेसेडर यांतून निवडायचे, नंबर लावायचा आणि वाट पाहायची. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाच्या हाती पडली आणि मध्यमवर्गाला चालू होणारी, थांबणारी, भर पावसात न रुसणारी गाडी मिळाली. तिचे उपकार मोठे आहेत. पण पुढची दहा वर्षे पर्याय जवळजवळ तेवढाच राहिला. पर्यायच नसेल तिथे आवडनिवड कसली?

आवडीला जागा मिळाली ती १९९३ मध्ये, झेन आली तेव्हा. ९९३ सीसीचे चार सिलिंडरचे अॅल्युमिनियमचे इंजिन, ५० बीएचपी आणि पाच गिअर. आज हे आकडे वाचून कुणाचे डोळे मोठे होणार नाहीत. पण गाडीचे वजन आठशे किलोंच्याही आत होते आणि सगळी जादू त्या वजनात होती. इंजिनाला ओढायला ओझेच नव्हते. बसण्याची जागा रस्त्याच्या जवळ, समोरची काच खाली उतरत गेलेली, बॉनेटचे टोक नजरेच्या टप्प्यात. वरंधा घाटाच्या एखाद्या उलट्या वळणावर गाडी दुसऱ्या गिअरला आणून अॅक्सिलरेटरवर पाय ठेवला की पुढची चाके जमीन ओढत आहेत हे हातातल्या चाकातून कळायचे. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या झेनला गल्लीत वळवताना दंड भरून येत, पण वेग धरला की तेच चाक बोलके होई. मागच्या सीटवर बसणाऱ्याचे गुडघे मात्र आखडत. हे दुखणे खरे होते, आणि पुढे याच दुखण्याने खरेदीच्या निकषांत पहिली जागा घेतली.

१९९८ च्या सप्टेंबरात सँट्रो आली, वर्ष संपता संपता मटिझ आणि डिसेंबरात पिंपरीची इंडिका. वर्षभराने वॅगन आर आणि २००० साली अल्टो. दोन वर्षांत बाजार पालटला. इंडिका चालवायला रंजक होती असे म्हणणे कठीण आहे. गिअर जड आणि सुरुवातीच्या गाड्यांबद्दल तक्रारी पुष्कळ. २००१ मध्ये सुधारलेली व्ही २ आल्यावर त्या निवळल्या. तरी इंडिकाने मोठी गोष्ट केली. बाहेरून छोटी, आतून ऐसपैस आणि डिझेलवर चालणारी गाडी भारतातच आखून बनवता येते हे तिने दाखवले. स्पर्धा लागली ती तिथून, आणि स्पर्धेशिवाय पुढचे दशक घडले नसते.

ते दशक २००१ ते २०१० चे. सुरुवात केली फियाटच्या पालिओने. सचिन तेंडुलकर तिच्या जाहिरातीत होता, आणि त्याची सही असलेली एस १० नावाची आवृत्तीही निघाली. दार लावल्यावर येणारा घट्ट, दबका आवाज त्या किमतीच्या गाडीत तोवर कुणी ऐकला नव्हता. १.६ लिटरच्या जीटीएक्स आवृत्तीत १०० बीएचपीच्या घरातली ताकद होती. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर खड्डा आला तरी पालिओ ओळ सोडत नसे. जड होती, पण तो जडपणा ती रस्ता धरायला वापरी. तिला मारले ते अॅव्हरेजने. गाडी घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ‘किती देते?’ हाच असे, आणि त्या प्रश्नाला पालिओकडे चांगले उत्तर नव्हते. स्पेअर पार्ट आणि सर्व्हिसबद्दलही लोकांच्या मनात धाकधूक होती. महिन्याला पाचशे-सातशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीत लिटरमागे तीन किलोमीटरच्या फरकाने घरखर्च बुडत नाही, हा हिशेब कागदावर मांडायची तसदी फार थोड्यांनी घेतली. उत्तम गाडी एका प्रश्नापायी नाकारली गेली, याची हळहळ अजून शिल्लक आहे.

मे २००५ मध्ये स्विफ्ट आली आणि रंजक गाडी खर्चिकच असते हा समज गेला. चाके चार कोपऱ्यांना ढकललेली, छप्पर तरंगल्यासारखे, १.३ लिटरचे ८७ बीएचपीचे पेट्रोल इंजिन आणि सुरुवातीची किंमत चार लाखांच्या आत. शिवाय मारुतीचे सर्व्हिस सेंटर तालुक्याच्या गावातही होते. पालिओबद्दल ज्या शंका होत्या त्या इथे उद्भवल्याच नाहीत. महिनोन्‌महिने वेटिंग लागले. मागची सीट अंधारी आणि डिकी लहान असूनही लोकांनी ती घेतली, हे विशेष. भारतीय ग्राहकाला फक्त जागा आणि अॅव्हरेज हवे असते, असे सांगणाऱ्यांना ते चोख उत्तर होते.

२००७ मध्ये तिच्यात डिझेल इंजिन बसले. फियाटचे १२४८ सीसीचे मल्टिजेट. तेच इंजिन पुढे इंडिका व्हिस्टात आले, पुंटोत आले, इतके की त्याला देशाचे इंजिन म्हटले जाऊ लागले. ते चालवण्याची एक रीत होती. दोन हजार आरपीएमच्या खाली गाडी सुस्त. चढावर कुणी तिसऱ्या गिअरला ढिम्म राहिला तर मागून हॉर्न ऐकू येत. काटा दोन हजारांवर गेला की टर्बो भरे आणि पाठ सीटला टेके. खंबाटकीचा चढ कोणत्या वळणावर कोणत्या गिअरला घ्यायचा, हे त्या गाडीच्या मालकांना पाठ झाले होते. असे पाठ होणे हीच रोजच्या गाडीतली मजा आहे. ताशी दीडशेचा वेग भारतात वापरायला मिळत नाही. चाळीस ते ऐंशीच्या पट्ट्यात गाडी हाताला कशी लागते, एवढाच प्रश्न उरतो.

दशकाचा शेवट सर्वांत श्रीमंत होता. जून २००९ मध्ये रांजणगावची पुंटो, २०१० च्या आरंभी चाकणची पोलो आणि मार्चमध्ये साडेतीन लाखांपासून फिगो. पुणे जिल्ह्यातल्या दोन औद्योगिक वसाहतींतून युरोपीय धाटणीच्या दोन उत्तम हॅचबॅक बाहेर पडत होत्या. फिगोचे हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग आजही जाणकार आठवतात. त्यात तेलाच्या दाबाने मदत मिळे, म्हणून रस्त्याचा खडबडीतपणा गाळून का होईना हातापर्यंत पोचे. नंतर सर्वत्र आलेल्या विजेच्या मोटरवर चालणाऱ्या स्टिअरिंगने इंधन वाचवले, पार्किंग सोपे केले, आणि हा धागा बहुतेक गाड्यांत तोडून टाकला.

नॅनोचा उल्लेख या ओघात टाळता येत नाही. जानेवारी २००८ मध्ये ती दाखवली गेली तेव्हा स्कूटरवरच्या कुटुंबाला एक लाखात छप्पर मिळेल हे स्वप्न खरे वाटले होते. मागे इंजिन, हलके अंग, लहान घेर. शहरात तिच्यासारखे वळणे कुणाला जमत नसे. ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्का तिला भोवला. ती २०१८ मध्ये संपली.

या बहराची मुळे कापणारा निर्णय बहराच्या मध्यावरच झाला होता. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या मोटारीची व्याख्या आली: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. या चौकटीतल्या गाडीला उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्के झाले. हेतू चांगला होता. पण व्याख्येने लांबी मोजली, इंजिन मोजले आणि गाडीचे वजन व उंची मोकळी सोडली. परिणाम सावकाश दिसले. २०१० मध्ये पेट्रोल स्विफ्टचे १.३ लिटरचे इंजिन जाऊन १.२ लिटरचे आले. पोलोची १.६ लिटरची आवृत्ती आली आणि थोड्याच काळात दिसेनाशी झाली. सेडानच्या शेपट्या चार मीटरवर कापल्या गेल्या. मग २०१३ ची इकोस्पोर्ट आणि २०१६ ची व्हिटारा ब्रेझा यांनी त्याच चार मीटरवर उंची चढवली. हलक्या, बसक्या गाडीसाठी दिलेली सवलत जड आणि उंच गाडीला मिळाली, तीही तितकीच.

उंच गाडी घेणाऱ्याला दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. गावोगावी आढळणारा गतिरोधक त्याच्या पाव रुंदीचा आणि वर टोकदार असतो. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर, पंचचा १८७. त्या चोवीस मिलिमीटरसाठी माणूस पैसे मोजतो, कारण तळ घासल्याचा आवाज त्याने ऐकलेला असतो. टाटांचीच हॅचबॅक आल्ट्रोझ आणि पंच एकाच प्लॅटफॉर्मवर बनतात, दोन्हींना अपघात चाचणीत पाच तारे मिळाले. खपते ती पंच. रस्ते मानकाप्रमाणे झाले असते तर हॅचबॅक एवढी मागे हटली नसती.

गेलेल्या दशकाबद्दल एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. त्या गाड्या सुरक्षित नव्हत्या. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतीय गाड्यांच्या अपघात चाचण्या घेतल्या. अल्टो ८००, नॅनो, आय १०, फिगो आणि स्विफ्ट यांच्या एअरबॅग नसलेल्या आवृत्त्यांना शून्य तारे मिळाले. पोलोलाही एअरबॅगशिवाय शून्य, आणि दोन एअरबॅग बसवल्यावर चार. पुढे अपघात चाचणीचे नियम आले, एअरबॅग सक्तीच्या झाल्या, एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस ६ निकष लागू झाले. किमती वाढल्या, तो पैसा बहुतांशी जिवाच्या आणि हवेच्या कारणी लागला. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती गिअर, पेडल आणि सीट यांवर हात आखडून टचस्क्रीनवर सढळ खर्च करण्याच्या पद्धतीची. एसीचे बटण चाचपून सापडत नाही आणि त्यासाठी रस्त्यावरची नजर पडद्याकडे वळवावी लागते, ही प्रगती नव्हे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी, अधिभार धरून पेट्रोलचा २९ आणि डिझेलचा ३१ टक्के होता तो १८ टक्के झाला. स्विफ्टच्या सुरुवातीच्या आवृत्तीची एक्स-शोरूम किंमत तेव्हा सहा लाखांच्या आत आली. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला त्यावर ११ टक्के वाहनकर आणि विमा धरावा लागतो; हिशेब नेहमी ऑन रोड किमतीचाच करावा. रंजकतेच्या दृष्टीने पाहता, २०२४ ची स्विफ्ट अजूनही हजार किलोंच्या आत आहे आणि तिच्यात सहा एअरबॅग मुळातच मिळतात. तीन सिलिंडरच्या इंजिनात जुनी धार नाही, पण हलकेपणा शाबूत आहे. जास्त पैसे टाकण्याची तयारी असेल तर एक लिटर टर्बो इंजिनाची, १२० पीएसची आय २० एन लाइन पोलोची उणीव काही प्रमाणात भरून काढते. कमी पैशांत जुनी घेणाऱ्याने पोलो किंवा फिगो पाहावी; मात्र सौदा करण्याआधी ओळखीच्या मेकॅनिकला पार्टच्या उपलब्धतेबद्दल विचारावे आणि पंधरा वर्षांनी फेरनोंदणी व पर्यावरण कर येणार हे धरून चालावे.

निवड करताना अॅव्हरेजचा तक्ता आणि पडद्याचा आकार बाजूला ठेवून काही गोष्टी स्वतः तपासाव्यात. क्लच किती उंचीवर पकडतो आणि अर्धा तास ट्रॅफिकमध्ये तो दाबून डावा गुडघा दुखेल का. दुसऱ्या गिअरला पंधराच्या वेगावरून गाडी कुरकूर न करता उठते का. वळणातून बाहेर पडताना चाक आपोआप सरळ होते का, की ओढून आणावे लागते. मागच्या काचेतून खरोखर काही दिसते का. शोरूमबाहेरच्या सपाट रस्त्यावर दोन किलोमीटरची फेरी मारून यातले काहीच कळत नाही. पुण्यात कात्रजचा जुना घाट आहे, साताऱ्यात यवतेश्वरचा चढ आहे, नाशिककरांना कसारा जवळ आहे. टेस्ट ड्राइव्ह तिथवर मागावी, आणि दिल्याशिवाय बुकिंगची रक्कम भरू नये.